खासगी फोटो पसरवले गेले तर: पुरावा, तक्रार आणि भारतातली कलमं

"डिलीट कर सगळं, नंबर बदल आणि विसरून जा." असा फोटो बाहेर पडला की पहिला सल्ला हाच येतो, तोही जवळच्याच माणसाकडून. सल्ला मायेचाच असतो. पण चॅट पुसली की समोरच्याने काय, कधी आणि कुणाला पाठवलं याचा तुमच्याकडचा माग जातो. त्याला जे लपवायचं होतं ते तुम्हीच लपवून दिलेलं असतं. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे: आधी पुरावा, मग जिथे टाकलंय तिथून काढून घेणं, मग पोलिस. पहिल्या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी उरकतात, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

'रिव्हेंज पॉर्न' हा शब्द मी इथे वापरणार नाही. सूड म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, हिने आधी काहीतरी केलं असेल. शिवाय कित्येक प्रकरणांत सूड नसतोच. कुणाला पैसे हवे असतात, कुणी बाथरूममध्ये कॅमेरा लपवलेला असतो, कुणी दुरुस्तीला आलेल्या फोनमधून गॅलरी उचललेली असते. सोयीसाठी खाली 'फोटो' म्हणतो, त्यात व्हिडिओही आलाच.

आधी पुरावा, आणि तो नीट

नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही, त्यात काय दिसतंय ते बघा. फोनच्या ब्राउझरमध्ये पान खाली सरकवलं की वरची पत्त्याची पट्टी गायब होते, आणि नेमका तिथेच लोक स्क्रीनशॉट काढतात. पान जरा वर ओढा, पट्टी दिसू द्या, मग काढा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या अ‍ॅपमध्ये पत्ता दिसतच नाही. तिथे पोस्टवरच्या तीन ठिपक्यांत जाऊन लिंक कॉपी करा आणि ती वहीत किंवा नोट्समध्ये उतरवा. अ‍ॅपमध्ये वेळ '३ तासांपूर्वी' अशी दिसते. चार महिन्यांनी न्यायालयात ते '३ तास' कुठले हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून बाजूला त्या दिवसाची तारीख आणि घड्याळातली वेळ लिहा.

प्रोफाइलचं नाव आणि डीपी दोन मिनिटांत बदलता येतात. खरी ओळख प्रोफाइलच्या लिंकमध्ये आणि युजरनेममध्ये असते, तेव्हा ते आधी टिपा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर ग्रुपची माहिती, अ‍ॅडमिनचे नंबर आणि सदस्यांची यादी घ्या. टेलिग्राम चॅनेल असेल तर चॅनेलची आणि त्या विशिष्ट मेसेजची, अशा दोन्ही लिंक हव्यात. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने सगळी चॅट सावकाश वर सरकवत चित्रित करा. ते दिसायला गावठी वाटेल, पण उपयोगी पडतं.

फोटो एखाद्या मैत्रिणीला आला आणि तिने तुम्हाला कळवलं, तर तिने तो तुम्हाला फॉरवर्ड करू नये आणि स्वतःकडचाही पुसू नये. ती या प्रकरणातली साक्षीदार आहे आणि तिच्या फोनमधला मूळ मेसेज हाच सर्वात भक्कम पुरावा असतो. तुम्हीही "बघ ना याने काय केलंय" म्हणून तो फोटो दादाला, काकांना पाठवू नका. फोटो जितक्या फोनांत जाईल तितका आवरणं अवघड.

भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात कोणत्या उपकरणातून पुरावा घेतला हे येतं आणि फाइलचं 'हॅश' मूल्यही, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा आकडी ठसा, लिहावं लागतं. म्हणून ज्या फोनमध्ये मूळ मेसेज आहे तो विकू नका, रीसेट करू नका.

पासवर्ड बदलायचेच आहेत, फक्त त्याआधी जीमेल आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ती यादी उघडा आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात अनोळखी फोन दिसला तर तोही पुरावाच. मग त्याला बाहेर काढा.

काढून घेणं

बहुतेक जण 'रिपोर्ट'चं बटण दाबून वाट बघत बसतात. ते दाबाच, पण तेवढ्यावर थांबू नका. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व ईमेल संकेतस्थळावर द्यावं लागतं. त्याला मेल करा आणि मेलमध्ये नियम ३(२)(ख) असा स्पष्ट उल्लेख करा. एखाद्या व्यक्तीचे खासगी अवयव, नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर, किंवा तिचा बनावट, मॉर्फ केलेला फोटो, याबद्दल त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली तर जास्तीत जास्त २ तासांत तो हटवायला हा नियम सांगतो (फेब्रुवारी २०२६ आधी ही मुदत २४ तासांची होती). तक्रार तुमच्या वतीने भाऊ, मैत्रीण, वकील कुणीही करू शकतं. स्वतः ते पुन्हा पुन्हा बघण्याची ताकद नसेल तर हे काम खुशाल दुसऱ्यावर सोपवा.

मेलमध्ये प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक द्या. 'या अकाउंटवर माझे फोटो आहेत' एवढंच लिहिलं की उत्तर येतं, कोणते? उत्तर आलंच नाही किंवा नकार आला, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं.

फोटो अजून बाहेर आलेला नाही, पण धमकी आली आहे, अशा वेळी 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा कामाची. ब्रिटनमधल्या एका धर्मादाय संस्थेने ती डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली आणि ती विनामूल्य आहे. फोटो तुमच्या फोनमधून कुठेही जात नाही. फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, म्हणजे हॅश, आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्यांकडे जातो. कुणी तोच फोटो चढवायला गेलं की ठसा जुळतो आणि कंपनीला तो अडवता येतो. मर्यादाही ओळखून असा. फोटो बराच कापला किंवा बदलला तर ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कूटबद्ध संभाषणात ही तपासणी पोहोचत नाही.

गूगलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तुमचं नाव शोधल्यावर ते पान दिसू नये अशी मागणी त्यात करता येते. पान मूळ साइटवर तसंच राहतं, फक्त शोधात येत नाही. पण नातेवाईक, शेजारी आणि नोकरी देणारे शोधतात ते नावावरूनच, त्यामुळे हे अर्धं काम मानू नका.

कलमं: एकच असं नाही, गोधडी आहे

संमतीशिवाय खासगी फोटो पसरवणं, असं थेट नाव असलेलं एकच सर्वसमावेशक कलम भारतात नाही. निरनिराळ्या कायद्यांचे तुकडे शिवावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला कुठेतरी भोक आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. जुन्या भारतीय दंड संहितेत हे ३५४-ग होतं, १ जुलै २०२४ पासून ७७. स्त्रीला खासगी कृती करताना बघणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं, आणि दोन्ही वेळा दंड. या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे: स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तरी पसरवणं हा गुन्हाच. "पण फोटो तर तूच काढू दिलास ना?" या प्रश्नाचं उत्तर कायद्याने लिहूनच दिलं आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई. खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं, प्रसिद्ध करणं, पाठवणं. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७७ मधली पीडित व्यक्ती स्त्रीच असावी लागते, ६६-ई मध्ये कुणीही चालते. म्हणजे फोटो पुरुषाचा असेल तर पहिला आधार हाच. भोक असं, की अवयव उघडे किंवा केवळ अंतर्वस्त्रात असायला हवेत. चादर गुंडाळून काढलेला किंवा चुंबनाचा फोटो यात बसत नाही.

त्याच कायद्याची कलम ६७ आणि ६७-अ. अश्लील मजकूर आणि उघड लैंगिक कृतीचा मजकूर इंटरनेटवरून पसरवणं. ६७-अ ला पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, आणि हे अजामीनपात्र आहे, त्यामुळे व्हिडिओच्या प्रकरणात त्याचा धाक जास्त. माझी तक्रार अशी, की ही दोन कलमं संमतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मजकूर कसा आहे एवढंच त्यांना बघायचं असतं. खरं दुखणं, म्हणजे एका माणसाच्या विश्वासाचा मोडलेला शब्द, त्यांच्या चौकटीत येतच नाही.

फोटो बनावट असेल, चेहरा तुमचा आणि शरीर दुसऱ्याचं किंवा यंत्राने तयार केलेलं, तर ६७ किंवा ६७-अ सोबत न्याय संहितेचं कलम ३३६(४) बघायला सांगा. एखाद्याच्या लौकिकाला धक्का लावण्यासाठी बनावट दस्त किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख करणं हा त्यातला गुन्हा, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

ही गोधडी कागदावरच राहते असं नाही. पश्चिम बंगालच्या पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यातल्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये, घटनेला वर्ष व्हायच्या आत, अशाच जोडलेल्या कलमांखाली एका तरुणाला ५ वर्षांची शिक्षा सुनावली होती.

तक्रारीतला एक शब्द

तक्रार अर्ज लिहिताना आपल्या हातून आपसूक एक वाक्य उतरतं: 'त्याने माझी बदनामी केली.' माणूस म्हणून ते शंभर टक्के खरं आहे. पण बदनामी, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३५६, हा अदखलपात्र गुन्हा आहे. अर्जाचा सगळा भार त्या शब्दावर पडला की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात दिली जाते आणि "कोर्टात जा" असं सांगितलं जातं. कलम ७७, ६६-ई आणि ६७-अ हे तिन्ही दखलपात्र आहेत, त्यांत पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो. म्हणून अर्जाचा कणा 'संमती नव्हती' हाच ठेवा. बदनामीचा उल्लेख शेवटी, परिणाम म्हणून येऊ द्या. साधारण असं:

'दिनांक … रोजी रात्री ९.४० वाजता माझी मैत्रीण … हिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर … या क्रमांकावरून माझा खासगी व्हिडिओ पाठवण्यात आला. सदर व्हिडिओ मी व … यांचे संबंध असताना, माझ्या माहितीने, केवळ आम्हा दोघांपुरता काढलेला होता. तो अन्य कोणासही दाखवण्यास अथवा पाठवण्यास मी कधीही संमती दिलेली नाही. दिनांक … रोजी मी त्यांना तो नष्ट करण्यास लेखी सांगितले होते, त्या संदेशाची प्रत सोबत जोडली आहे. तो व्हिडिओ … या लिंकवरही प्रसिद्ध केल्याचे मला दिनांक … रोजी दिसले. तरी भारतीय न्याय संहिता कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६-ई, ६७-अ अन्वये गुन्हा नोंदवावा ही विनंती.'

तुमच्या माहितीने काढला असेल तर तसंच लिहा, लपवू नका. उलटतपासणीत ते निघतंच, आणि लपवलेलं निघालं की बाकीच्या खऱ्यावरही शंका येते. कलम ७७ चं ते स्पष्टीकरण तुमच्याच बाजूचं आहे.

ठाण्यात

गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तक्रार आणि तपास कसा करायचा हे ठरवणारा कायदा, तिच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे जातो. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. कलम ७७ ची तक्रार स्त्री देत असेल तर ती महिला पोलिस अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची आहे. पुरुष हवालदारासमोर तो व्हिडिओ लावून दाखवण्याची वेळ आली तर हे शांतपणे सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

'आधी चौकशी करू' असं म्हणाले तर तेही बेकायदा नाही: ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. पण त्या १४ दिवसांचा महिना होऊ देऊ नका. एफआयआर नाकारलाच तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचाच अधिकारी करतो, म्हणून अर्ज वरिष्ठ पोलिस निरीक्षकांच्या नावे द्या. पुरावा म्हणून फोन घेतला तर मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहिलेली पावती मागा. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटलं आहे. तुमचा टाकला जाणार नाही ना, हे अर्जातच एका ओळीत लिहून ठेवा.

घरातून निघणंच शक्य नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. तिथे स्त्रिया आणि मुलांविषयीच्या मजकुरासाठी नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे, पण निनावी तक्रारीचा पुढे पाठपुरावा करता येत नाही. म्हणून माझा कौल नाव देऊन तक्रार करण्याकडे. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

पैसे मागत असेल तर

देऊ नका. एकदा दिले की तुम्ही देणारे आहात एवढंच त्याला कळतं आणि पुढची मागणी मोठी येते. पैसे घेऊन त्याने फोटो खरंच पुसला का, हे तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नसतं. धमकीचे मेसेज, यूपीआय आयडी आणि खाते क्रमांक टिपा, मग उत्तर देणं बंद करा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा खंडणीचा गुन्हा आहे. गंमत म्हणजे, 'पैसे दे नाहीतर तुझ्याबद्दल बदनामीकारक मजकूर छापतो' हे खंडणीचं उदाहरण १८६० च्या दंड संहितेतच दिलेलं होतं. फोन नवा, धंदा जुना.

तो परदेशात असेल, किंवा साइट तिकडची असेल

अशा प्रकरणात तीन ठिकाणचे कायदे एकत्र येतात: तुमचं, त्याचं आणि कंपनीचं. ज्या कायद्याचं दार लवकर उघडेल ते आधी ठोठवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे भारतातल्या संगणकाचा संबंध आला तर परदेशातून केलेला गुन्हाही इथे नोंदवता येतो, पण आरोपीला आणणं वेळखाऊ असतं.

तो इंग्लंडमध्ये असेल तर तिथल्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करून बघा. २०१५ च्या तिथल्या कायद्यात 'त्रास देण्याचा हेतू' सिद्ध करावा लागे आणि "मी नुसता मित्रांना दाखवत होतो" म्हणून लोक सुटत. ३१ जानेवारी २०२४ पासून मूळ गुन्ह्याला ती अट उरली नाही, आणि नुसती धमकी हा तर २०२१ पासूनच गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी आयुक्त मजकूर हटवायची नोटीस काढतात, तिची मुदत सर्वसाधारणपणे २४ तास. अमेरिकेत १९ मे २०२५ ला 'टेक इट डाउन' कायदा झाला. कंपन्यांना तयारीसाठी एक वर्ष देऊन, तक्रारीनंतर ४८ तासांत असा मजकूर काढायचं बंधन त्याने घातलं, त्यात यंत्राने बनवलेले फोटोही आले.

आणखी एक वाट म्हणजे कॉपीराइट. सेल्फी तुम्ही काढली असेल तर छायाचित्राचे हक्क तुमचे, आणि संमतीच्या तक्रारीला दाद न देणाऱ्या साइटसुद्धा कॉपीराइटच्या नोटिशीला घाबरतात. पण त्या नोटिशीतलं तुमचं नाव आणि पत्ता समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून ही वाट शेवटची, आणि शक्यतो वकिलामार्फत.

पसरवणारा कोण हेच माहीत नसेल तर दिवाणी न्यायालयातून अनोळखी प्रतिवादीविरुद्ध मनाई हुकूम मिळवता येतो. परदेशात त्याला 'जॉन डो' म्हणतात, आपल्याकडच्या न्यायालयांनी त्याचं बारसं 'अशोक कुमार' असं केलं आहे.

फोटो १८ वर्षांखालच्या मुलाचा असेल

मग वरचे काही नियम उलटे होतात. स्क्रीनशॉट काढू नका, प्रत ठेवू नका, कुणालाही पाठवू नका, अगदी पुरावा म्हणूनही नाही. फक्त लिंक, युजरनेम, तारीख आणि वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा इथे लागू होतात, आणि पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल' म्हणून मुख्याध्यापकांनी आपसात मिटवणं हा त्यांचाच गुन्हा ठरतो. मुलाने स्वतः फोटो पाठवला होता म्हणून त्याला रागावण्याची ही वेळ नव्हे, त्याच्या तोंडून पुढची माहिती तुम्हाला हवी आहे. फोटो थांबवण्यासाठी अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' नावाचीच विनामूल्य सेवा आहे, ती हॅशवर चालते आणि भारतातूनही वापरता येते.

नंतरचे तीन महिने

मजकूर हटला तरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, स्वतःचं नाव आणि युजरनेम शोधून बघा, किंवा विश्वासातल्या कुणाला बघायला सांगा. रोज रात्री शोधत बसलात तर झोप जाईल आणि हाती फार काही लागणार नाही. नवी लिंक सापडली की त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन कंपनीला मेल आणि तपास अधिकाऱ्याला पुरवणी अर्ज द्या. पसरवणारा सहकारी असेल तर कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे स्त्रीला वेगळी तक्रार करता येते, त्याची मुदत घटनेपासून ३ महिने, ती मात्र उलटू देऊ नका.

आणि तारखांची एक वही ठेवा. तपासात काय प्रगती झाली हे पोलिसांनी तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत कळवायचं आहे, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ सांगतं. एफआयआरच्या तारखेत ९० दिवस मिळवून ती तारीख त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या दिवसापर्यंत काहीच कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी विचारणा करा, आणि पोच घ्या.